सर्च रिपोर्ट देणाऱ्या वकिलाकडेच पुढचा वाद देऊ नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहायला बसलो. पाचोरा तालुक्यात दोन एकर घेतली, खरेदीखत नोंदलं, पैसे देऊन झाले, आणि फेरफाराला, म्हणजे महसुली नोंदीत तुमचं नाव चढवायला, विकणाऱ्याच्या बहिणीने हरकत घेतली. सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या तपासाचा अहवाल) ज्यांनी दिला तेच वकील आता म्हणतात, 'काळजी करू नका, मी बघतो', पण फोन उचलत नाहीत आणि नकला देत नाहीत. तुम्ही पुण्यात, जमीन इकडे. वकील बदलावा का आणि बदलायचा तर कसा, हा तुमचा प्रश्न.

बदला. आणि प्रांताकडे (उपविभागीय महसूल अधिकाऱ्याकडे) अपील करा असं कोणी सांगत असेल तर त्याआधी बदला.

मी वकील नाही. आमच्या घरचं प्रकरण निस्तरताना जे कळलं तेवढंच सांगतो. प्रत्येकाचे कागद वेगळे असतात, तेव्हा हे वाचून कुठे सही करू नका. सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) कसा काढायचा ते इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यात मी जात नाही.

वडिलांनी तापीकाठच्या एका तालुक्यात कपाशीची जमीन घेतली होती. वकील एजंटनेच सुचवलेले. तालुक्याच्या गावातलं मोठं, नाव असलेलं ऑफिस. नाव इथे घेत नाही. सर्च रिपोर्ट जेमतेम दोन पानांचा. 'मागील तीस वर्षांचे अभिलेख तपासले, मालकी हक्क निर्वेध व बोजारहित आढळला.' खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघाली आणि विकणाऱ्याच्या सख्ख्या बहिणीने तलाठ्याकडे लेखी हरकत दिली. तलाठ्याने ती नियमाप्रमाणे तक्रारी नोंदवहीत घेतली. इथपर्यंत तुमचं आमचं एकच.

पुढे आम्ही जुना हस्तलिखित सातबारा काढला तेव्हा खरी गोष्ट दिसली. इतर हक्काच्या रकान्यात (जमीन धारण करणाऱ्याशिवाय इतरांचे हक्क लिहितात तिथे) त्या बहिणीचं नाव स्पष्ट होतं. वडील वारल्यावर भावांची नावं कब्जेदार म्हणून चढली आणि बहिणीचं नाव इतर हक्कात टाकलं गेलं. खानदेशात ही जुनी पद्धत आहे, गावोगाव सापडेल. पुढच्या काही वर्षांच्या पानावर तेच नाव कंसात. आता नाव कंसात गेलं की शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक असलाच पाहिजे, कारण नाव कोणत्या नोंदीने कमी झालं हे त्यावरूनच कळतं. इथे कंस होता, क्रमांक नव्हता. संगणकीकृत सातबाऱ्यावर तर ते नावच उतरलेलं नव्हतं, तो अगदी कोरा, स्वच्छ. आणि सर्च रिपोर्ट त्याच कोऱ्या उताऱ्यावर लिहिलेला. हस्तलिखित पानं आणि फेरफारांची साखळी कोणी उघडलीच नव्हती. दुय्यम निबंधकाकडचा (दस्त नोंदणी कार्यालयातला) शोध तेवढा केला होता, आणि तिथे बहीण दिसणार कशी? तिने आयुष्यात कुठलाच दस्त केलेला नाही.

चूक कोणाच्याही ऑफिसात होऊ शकते, ते मी समजू शकतो. त्यानंतर त्या ऑफिसने जे केलं त्याची झळ आम्हाला जास्त लागली. त्यांनी आम्हाला महसुली पायऱ्या चढायला लावल्या. मंडळ अधिकाऱ्याचा निकाल विरुद्ध गेला, प्रांताकडे अपील. तिथून अपर जिल्हाधिकारी. तिथून नाशिकला अपर आयुक्तांकडे. प्रत्येक ठिकाणी तारीख, प्रवास, फी, आणि 'यावेळी होऊन जाईल' हे ठरलेलं उत्तर. अपिलाची 60 दिवसांची मुदत चुकू नये म्हणून घरात कॅलेंडरवर खुणा असायच्या. इतकी धावपळ झाली, पण मूळ प्रश्नाला कोणी हातच लावला नाही: बहिणीला हिस्सा आहे की नाही?

कारण तो प्रश्न महसूल अधिकारी सोडवूच शकत नाही. फेरफार नोंद शेतसारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, 2021 मध्येही सांगितलं: मालकीचा वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 ने नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. समजा नाशिकपर्यंत जाऊन आम्ही जिंकलो असतो, तरी दुसऱ्या दिवशी बहिणीने वाटपाचा दावा लावला असता आणि आमचा फेरफार तिथे एक कागद म्हणून पडला असता, बस.

हे त्या वकिलांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही. दिवाणी दाव्यात पहिला प्रश्न येतो, खरेदीदाराने चौकशी काय केली? म्हणजे त्यांचा सर्च रिपोर्ट कोर्टाच्या टेबलावर येतो. त्यांच्या मनात काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही आणि सगळे वकील असे असतात असंही म्हणत नाही, पुढे आम्हाला अतिशय चांगले वकील मिळाले. पण ज्याचा स्वतःचा रिपोर्ट तपासला जाणार आहे तो माणूस तुमचा वाद मोकळ्या मनाने लढू शकत नाही, हे माझं ठाम मत आहे. तो आधी रिपोर्ट सांभाळणार, मग तुम्हाला.

आता नवीन वकील. आपल्याकडे रजिस्टर ऑफिसच्या आवारात बसून खरेदीखतं करणारे बरेच आहेत, त्यातले काही दस्तलेखक, काही वकील. दस्त चांगला लिहिणं हे वेगळं काम. तुम्हाला वाटपाचे, मनाई हुकमाचे दावे प्रत्यक्ष चालवणारा, साक्षीदाराची उलटतपासणी घेणारा माणूस हवा. ओळखायचा कसा? ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने शोधता येतं. जिल्हा, कोर्ट निवडा, नाव टाका. त्यांच्या नावावर कोणते दावे चालू आहेत, कोणते निकाली निघाले ते दिसतं. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे 'नंबर वन प्रॉपर्टी वकील' असे बोर्ड आणि रील दिसले तर मी तरी तिकडे जाणार नाही. त्याच ॲपवर पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं. विकणाऱ्याचं आणि बहिणीचं नाव टाकून दावा आधीच लागलाय का ते आजच बघा.

दावा जमीन जिथे आहे तिथल्याच कोर्टात चालणार, त्यामुळे रोजच्या तारखांना स्थानिक वकीलच लागतो. पण पहिला सल्ला तालुक्याबाहेरच्या माणसाकडून घ्या, जळगाव किंवा धुळ्याला जा. तालुक्याच्या बारमध्ये सगळे एकमेकांचे जुने स्नेही. आपल्या सोबत्याच्या रिपोर्टवर 'हे चुकीचं आहे' असं कागदावर लिहून देणं तिथल्या माणसाला जड जातं, त्यात त्याचाही फार दोष नाही. सल्ल्याची वेगळी फी द्या आणि तो लेखी घ्या. तोंडी सल्ल्याला आमच्या प्रकरणात काडीची किंमत राहिली नाही.

पहिल्या भेटीत त्यांना काय काय पाहणार ते विचारा. 'सातबारा द्या, बघतो' एवढंच म्हणाले तर उठा. चांगला माणूस विचारेल की एकत्रीकरणाआधी (तुकडे जोडून गट पाडण्याआधी) या गटाचा सर्व्हे नंबर काय होता, वारस नोंदीचा फेरफार कुठला, त्यात मुलींचे जबाब आहेत का, आणि हक्कसोड (हिस्सा सोडल्याचा कागद) असेल तर ती नोंदणीकृत आहे का. हा शेवटचा प्रश्न तुमच्या कामाचा आहे. विकणारा आता म्हणेल, 'बहिणीने तेव्हाच सोडून दिलंय, स्टॅम्पवर लिहून घेतलंय, नोटरी आहे.' स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदलेला लागतो. नोटरीचा कागद किंवा तलाठ्यापुढचा जबाब दाखवून तिचा हिस्सा गेला असं म्हणता येत नाही.

(कागद फार जुने निघाले, पूर्व खानदेश जिल्ह्याच्या काळातले, तर मोडीत असू शकतात. मोडी वाचणारा माणूस वेगळा शोधावा लागतो. जमीन चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात, साक्री-शिरपुरात किंवा नंदुरबारकडे असेल तर मागच्या साखळीत आदिवासी खातेदार आहे का ते सगळ्यात आधी बघावं, कलम 36-अ चं (आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घेण्यावरच्या बंधनाचं) प्रकरण याहून कितीतरी अवघड आहे. तुमचं तसं दिसत नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.)

फी टप्प्याने ठरवा, पावती मागा. 'जमीन सुटली की इतके टक्के' किंवा 'त्यातला एक तुकडा माझा' असं कोणी बोललं तर लगेच नाही म्हणा. निकालावर किंवा हिश्शावर फी ठरवायला वकिलांना परवानगीच नाही. कोऱ्या वकीलपत्रावर (वकील नेमल्याच्या कागदावर), कोऱ्या कागदावर सही करू नका, 'पुण्याहून यायला नको' म्हणून तर मुळीच नाही.

आता फाईल. 'आधी बाकी फी भरा, मग कागद' असं आम्हाला ऐकवलं गेलं, आणि कागद अडकल्यामुळे आम्ही त्याच ऑफिसात अडकून राहिलो. नंतरच्या वकिलांनी सांगितलं की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच तो प्रश्न निकाली काढलाय. फी बाकी असेल तर ती वसूल करायचा मार्ग वेगळा. तेव्हा शांतपणे, लेखी, स्पीड पोस्टाने कागद मागा. भांडू नका, फोनवर तर नाहीच. तोपर्यंत थांबायचीही गरज नाही: खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, फेरफार आणि जुने सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्जावर मिळतात. कोर्टात त्यांचं वकीलपत्र दाखल असेल तर नव्या वकिलाला त्यांची ना हरकत लागते, आणि ती देत नसतील तर कोर्टाची परवानगी घेऊन पुढे जाता येतं. तक्रार करायची असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. आम्ही केली नाही, सगळं बळ दाव्यात लावलं.

आता थोडं कडू बोलतो. तुमच्या पोस्टखाली दोन-तीन जणांनी लिहिलंय की बहिणीला दम द्या, ती थकेल. असं करू नका. एक तर तिचा हक्क खरा असू शकतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने सहहिस्सेदार झाली, आणि वडील ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा हयात असायची गरज नाही हे 2020 च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री तेवढी वाचते. आणि बापाच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी 1956 पासून वारस आहेच. दुसरं म्हणजे ती थकणार नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या दाव्यात बाईला कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून. दावा लावायला तिला जमिनीच्या किमतीवर फी भरावी लागत नाही. दर तारखेला पुणे-पाचोरा खर्च तुमचा.

आमचा वाद शेवटी तिच्या घरी सुटला. माझी आई तिला भेटायला गेली. एजंट नाही, वकील नाही, विकणारा भाऊही नाही. ती बाई म्हणाली, 'मला तुमची जमीन नको, भावाने मला न विचारता विकली ते मला पचत नाही.' त्यानंतर बोलणं झालं. भावाला मिळालेल्या पैशातून तिचा हिस्सा तिला देववला, तोपर्यंत दावा लागलेला होता, त्यात तडजोड लोकअदालतीत नोंदवून घेतली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून नुसत्या संमतीपत्रापेक्षा तो पक्का. तुमच्याकडे दावा नसेल तर तिच्याकडून नोंदणीकृत दस्तच करून घ्या, मसुदा नव्या वकिलाकडून.

पैसे मात्र तुम्ही आपल्या खिशातून आधी काढू नका. विकणाऱ्याने निर्वेध मालकी आहे असं सांगून विकलं, त्याची जबाबदारी संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 ने त्याच्यावर आहे, आणि तुमच्या खरेदीखतात नुकसानभरपाईचं कलमही बहुधा असेल. त्याला वकिलामार्फत नोटीस आधी जाऊ द्या. बहीण एक रुपया मागते की पाच लाख, तो आकडा त्याच्यासमोरच ठरला पाहिजे.

आणि घाबरू नका. बहिणीचा हिस्सा निघाला तरी भावांच्या हिश्शापुरती तुमची खरेदी सहसा उभी राहते. सगळं गेलं असं धरून कमी किमतीत परत देऊन टाकायचा विचार करत असाल तर तो थांबवा.

पाचोऱ्याला याल तेव्हा सोमवारी येऊ नका, तहसीलला गर्दी असते. हस्तलिखित सातबारे जेवढे मागचे मिळतील तेवढे मागवा, इतर हक्काच्या रकान्यासकट. बहिणीचं नाव कंसात असेल तर शेजारचा फेरफार क्रमांक इथे टाका, नसेल तर तसं लिहा. त्यावरून पुढे काय मागवायचं ते सांगतो.