रस्त्यावर हाफ मॅरेथॉन पळणाऱ्याने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये फेल रनिंग कसं सुरू करावं? सरावाला कोणत्या डोंगरवाटा चांगल्या?

तुम्ही लिहिलंय की हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होते, ऑक्टोबरपासून सहा महिने अँबलसाइडला राहणार आहात आणि पहिल्याच आठवड्यात डोंगर चढायला लागायचंय. माझं उत्तर थोडं उलटं आहे: आधी उतरायला शिका. चढणं फुप्फुसं आपोआप शिकवतात, उतरणं मुद्दाम शिकावं लागतं.

मी आठ वर्षं इथल्या डोंगरांवर पळतोय आणि शर्यतींत नेहमी शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात असतो. तेव्हा हे जिंकणाऱ्याचं उत्तर नाही, धडपणे घरी पोचणाऱ्याचं आहे.

फेल म्हणजे उत्तर इंग्लंडातला डोंगर. शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. ट्रेल रनिंगमध्ये बहुधा आखलेली, खुणा केलेली वाट असते. फेलच्या शर्यतीत अनेकदा फक्त चेकपॉइंट दिलेले असतात; मधली वाट ज्याची त्याने काढायची. 1970 साली स्थापन झालेल्या फेल रनर्स असोसिएशनने शर्यतींना ए, बी, सी असे वर्ग दिलेत. ए म्हणजे दर किलोमीटरमागे सरासरी किमान 50 मीटर चढ, बी म्हणजे 25, सी म्हणजे 20. पुढचं अक्षर अंतराचं: 10 किमीच्या आत एस, 20 पर्यंत एम, त्यापुढे एल. पहिली शर्यत बीएस किंवा सीएस निवडा. 'एएस आहे, म्हणजे छोटीच की' असं म्हणून मी नाव दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना कठड्याला धरून उलटा उतरलो.

त्या उलट्या उतरण्यामागचं कारण समजून घ्या. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. सपाट रस्त्यावर त्याच्यावर हा भार खूपच कमी येतो, त्यामुळे कितीही मॅरेथॉन पळलेला माणूस पहिल्या मोठ्या उतारानंतर लंगडतो. पण एकदा असं दुखून गेलं की तोच उतार दोन-तीन आठवड्यांनी केल्यावर बरंच कमी दुखतं, शरीर इतक्या लवकर सावरतं. म्हणून पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून एकच दिवस उताराचा ठेवा: शे-दीडशे मीटर उंचीचा गवताळ उतार, तीन-चार वेळा, बस्स.

उतरताना सगळ्यांची पहिली चूक म्हणजे मागे रेलणं. भीतीने अंग मागे जातं, वजन टाचेवर येतं आणि ओल्या गवतावर टाच हमखास सटकते. अंग किंचित पुढे, पावलं आखूड आणि भराभर, गुडघे सैल, हात पंखांसारखे पसरलेले. दिसायला हास्यास्पद दिसतं, दिसू द्या. नजर पायाशी नको, तीन-चार पावलं पुढे हवी. पाय आधी पाहून ठेवलेल्या जागी आपोआप पडतो. सुरुवात गवतावर करा, मग दगडी वाट, घसारा (सुट्या दगडांचा उतार) सगळ्यात शेवटी. घसाऱ्यात दगडांसोबत घसरत जायचं असतं, पण खाली कोणी नाही याची खात्री केल्याशिवाय पाऊलसुद्धा टाकू नका. आणि काळपट, बुळबुळीत ओल्या खडकावर कोणतंही तंत्र चालत नाही, तिथे सरळ चाला.

चढावर चालायला लाजू नका. साधारण 15 अंशांहून तीव्र चढावर, तेवढीच उंची तेवढ्याच वेळात गाठायची असेल तर पळण्यापेक्षा चालायला कमी शक्ती लागते. पहिल्या शर्यतीत मी हट्टाने पळत होतो, आणि साठीच्या एक बाई मांड्यांवर तळवे रोवून, वाकून, शांतपणे चालत माझ्या पुढे निघून गेल्या. परत दिसल्या त्या थेट शेवटी, चहा पिताना.

आता वाटा. अँबलसाइडला राहणार म्हणजे लफरिग फेल अगदी उशाशी आहे. उंची जेमतेम 335 मीटर, पण अंगावर टेकाडं, खळगे, दलदल आणि पायवाटांचं असं जाळं की नकाशा वाचायला शिकायला याहून चांगली शाळा नाही. चुकलात तरी कोणत्याही बाजूने खाली आलात की रस्ता किंवा तळं लागतं. पहिला महिना मी इथेच काढायला सांगेन. एका वाटेने वर, दुसऱ्या अनोळखी वाटेने खाली.

555 नंबरच्या बसने केझिकला गेलात की लॅट्रिग (368 मीटर) आहे, गवताळ आणि उताराच्या फेऱ्यांना झकास. तिच्याच मागे स्किडॉ, 931 मीटर. वाट रुंद आणि मळलेली, वर-खाली एकाच वाटेने करता येते, सलग 800 मीटरहून जास्त उतरायला मिळतं. माथ्यावर मात्र नुसते सुटे दगड आणि वारा. दर 100 मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंशाने पारा उतरतो हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य. घामाने भिजलेल्या बनियनवर वारा लागला की खरा अर्थ कळतो.

मग फेअरफिल्ड हॉर्सशू, घोड्याच्या नालेसारखी फेरी. रायडलहून नॅब स्कारच्या बाजूने चढायचं, हेरॉन पाइक, ग्रेट रिग करत 873 मीटरच्या फेअरफिल्डवर आणि हार्ट क्रॅग, डव्ह क्रॅगवरून दुसऱ्या धारेने खाली. सुमारे 15 किमी, चढ 900 मीटरच्या वर. 1892 साली विल्यम नेस्मिथने चालणाऱ्यांसाठी दिलेला हिशोब इथे लावून बघा: 5 किमीला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास, म्हणजे साडेचार तास. रस्त्यावर हेच अंतर तुम्ही दीड तासात संपवता. पहिल्या वेळी तीन तास धरून निघा.

याच फेअरफिल्डवर माझी फजिती झाली होती. माथा सपाट, खडकाळ, दगडांच्या ढिगाऱ्यांनी भरलेला. धुक्यात सगळे ढिगारे सारखेच. मला पूर्वेला हार्ट क्रॅगकडे जायचं होतं. अंदाजाने निघालो तो उत्तरेला. धार अचानक अरुंद आणि खडकाळ झाली तेव्हा शंका आली, पण 'येईल पुढे वाट' म्हणत कोफा पाइक ओलांडून गेलो आणि धुक्यातून खाली आलो तो थेट पॅटरडेलच्या बाजूला. डोंगराची चुकीची बाजू! कर्कस्टोन खिंडीतून टॅक्सीने परत यावं लागलं, ड्रायव्हरने सीटवर प्लॅस्टिक अंथरलं. मनगटावरच्या घड्याळात वाट होती की, पण आपण चुकलोय हेच माहीत नसताना घड्याळ कोण बघतो? तेव्हापासून धुकं असो-नसो, माथा सोडण्याआधी होकायंत्र नकाशावर ठेवून दिशा बघतो. दहा सेकंद लागतात. तुम्ही ही सवय लफरिगवरच लावून घ्या, म्हणजे फेअरफिल्डवर ती आठवावी लागणार नाही.

इथे आलात की महिन्याभरात कोणीतरी 'बॉब ग्रॅहॅम'चा विषय काढेलच. केझिकमध्ये गेस्टहाउस चालवणाऱ्या या माणसाने जून 1932 मध्ये तिथल्याच मूट हॉलपासून निघून 24 तासांच्या आत 42 शिखरं केली आणि तो तिथेच परतला. अंतर सुमारे 106 किमी, चढ सुमारे 8,200 मीटर. पुढची 28 वर्षं ते कोणालाच पुन्हा जमलं नाही. 1960 साली अ‍ॅलन हीटनने जमवलं. बिली ब्लँडचा 1982 मधला 13 तास 53 मिनिटांचा विक्रम 2018 साली किलियन जॉर्नेटने 12 तास 52 मिनिटांवर आणला. तुम्ही या फेरीच्या मागे सहा महिन्यांत लागू नका. पण तिचे पाच टप्पे सरावाला सोन्यासारखे आहेत. त्यातला थ्रेलकेल्ड ते डनमेल रेझ हा दुसरा टप्पा उलट्या दिशेने करून बघा: पहिली चढाई दमवते, पण हेल्वेलिन (950 मीटर) गाठल्यावर डॉड्स नावाच्या डोंगरांच्या गवताळ पाठीवरून किलोमीटरच्या किलोमीटर खरोखर पळता येतं. माझा सगळ्यात आवडता पट्टा. दोन्ही टोकांना बस आहे, त्यामुळे परतीची चिंता नाही. हा फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवा, आणि वर बर्फ कडक झालेला असेल तर सोडून द्या. फेल शूज बर्फाच्या काचेवर निरुपयोगी असतात. हिवाळ्यात हेल्वेलिनच्या माथ्यावरची स्थिती रोज प्रत्यक्ष चढून पाहिली जाते आणि वेदरलाइन या इथल्या हवामानसेवेवर जाहीर होते. ती वाचल्याशिवाय निघू नका.

डायरीत किलोमीटर लिहिणं मात्र पहिले तीन महिने बंद करा. आठवड्याला किती मीटर चढलो आणि किती तास पायांवर होतो, एवढंच लिहा. 500 मीटरपासून सुरू करून हळूहळू 1,500 पर्यंत गेलात तर भरपूर झालं.

सामानात कंजुषी नको: खोल दात्यांचे बूट, शिवणींतूनही पाणी न शिरणारं, टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तशीच पँट, हातमोजे, टोपी, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, थोडं जास्तीचं खाणं. अडकलात तर 999 लावून पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवंय म्हणून सांगायचं. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

शेवटचं, तुमच्या महिन्यांबद्दल. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसनंतरचा प्रत्येक सराव अंधारात. हेडटॉर्च दोन घ्या, एक डोक्याला, एक पिशवीत, आणि अंधारातला सराव लफरिगपुरताच ठेवा. परतायच्या सुमाराला मेंढ्यांच्या विणीचा हंगाम सुरू होईल, तेव्हा कळपाला वळसा घालून, चालत जा. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.