नळाचं पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी मुंबईत लोअर परळला चाळीस मजली टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहते. बेसिनखालची नळी वर्षभरात दोनदा फुटली, दोन्ही वेळा पहाटे. गिझर बंद असला तरी त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो. मॅनेजर म्हणतात, नळ्याच हलक्या. खरं काय? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नळ्या हलक्या असतीलही, पण त्या पहाटेच का फुटाव्यात? 10 मीटर उंचीचं पाणी साधारण 1 किलोचा दाब देतं (प्लंबर ‘किलो’ म्हणतो तो, दर चौरस सेंटिमीटरचा). गच्चीवरची टाकी 28 मजले वर, म्हणजे 84 मीटर. थेट जोडलं तर 8 किलोंच्या वर. गिझरचा व्हॉल्व्ह बहुधा 8 ला उघडतो. म्हणून टॉवरमध्ये काही काही मजल्यांचा गट करून शाफ्टमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवतात. त्याच्या सीटवर, म्हणजे तो मिटताना टेकतो त्या जागी, वाळूचा कण अडकला किंवा आतला रबरी पडदा फाटला, की तो पूर्ण मिटत नाही. दिवसा नळ चालू असल्याने हे कळत नाही. रात्री सगळे नळ बंद, दाब चढत जातो.

0 ते 16 किलोंचं दाब मोजायचं गेज बाथरूमच्या नळाला लावा. सकाळी आठला आणि पहाटे तीनला वाचा. 2 ते 3.5 ठीक. पहाटे 5 च्या पुढे गेलं, तर दोन्ही आकडे लिहूनच सोसायटीकडे जा. आधी बायपासचा, म्हणजे पीआरव्हीला वळसा घालून जाणाऱ्या नळीचा, व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे ना ते बघायला सांगा. कुणी तरी दुरुस्तीनंतर तो किंचित उघडा ठेवतं आणि नवा पीआरव्ही विनाकारण विकत घेतला जातो! मग गाळणी साफ, पडदा आणि वॉशर नवे. फ्लॅटचा मुख्य कॉक अर्धा फिरवून उपयोग नाही. धार बारीक होते, साचलेला दाब तेवढाच राहतो.

प्रश्न : पणजीत आठव्या, शेवटच्या मजल्यावर शॉवर नुसता टपटपतो. – एक वाचक

उत्तर : तुमचा त्रास नेमका उलटा. टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम 3 मीटर वर, म्हणजे 0.3 किलो. छोटा प्रेशर पंप लागेल. तो आधीच असून सारखा चालू-बंद होत असेल, तर पंपाला जोडलेल्या छोट्या टाकीतली हवा गेली आहे. पंप बंद करून त्या छोट्या टाकीतलं पाणी काढा आणि पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्या 0.2 किलो खाली हवा भरा. सायकलचा पंप पुरतो.