अकारविल्हे लावताना 'द', 'ॲन' आणि आपला 'एक'

प्रश्न असा आहे: घरच्या मीडिया सर्व्हरवर सिनेमे, गाणी, ई-पुस्तकं आहेत. काही नावं रोमनमध्ये, काही देवनागरीत. इंग्रजी 'द', 'अ', 'ॲन'ने सुरू होणारी नावं कुठे लावायची? आणि तोच न्याय मराठी 'एक'ला लावायचा का?

उपपद (म्हणजे नामाआधी येणारे हे 'द', 'अ', 'ॲन') पडद्यावर दिसतं तसंच राहू द्यायचं, क्रम लावताना मात्र सोडून द्यायचं. न सोडल्यास निम्मा इंग्रजी संग्रह 'टी'खाली गोळा होतो आणि अक्षरावर उडी मारून शोधण्यात काही अर्थ उरत नाही. ग्रंथालयांनी हे फार आधी सोडवलं आहे. मार्क या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंद-पद्धतीत २४५ या क्षेत्रात शीर्षक असतं आणि त्याचा दुसरा दर्शक (एक अंकी खूण) सांगतो की सुरुवातीची किती चिन्हं क्रम लावताना धरायची नाहीत. 'द'ची तीन रोमन अक्षरं अधिक मोकळी जागा, म्हणून ४. 'ॲन'साठी ३, 'अ'साठी २. फ्रेंचमध्ये अपॉस्ट्रॉफीने जोडलेल्या 'ल'लाही २, कारण पुढे मोकळी जागाच नसते. उपपद नसेल तर ०. हा आकडा नोंद करणारा माणूस शीर्षकाची भाषा पाहून भरतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

सॉफ्टवेअरकडे बहुतेक वेळा फक्त शब्दांची यादी असते. जेलिफिन या मीडिया सर्व्हर प्रोग्रॅमच्या मूळ यादीत 'द', 'अ', 'ॲन' एवढेच तीन इंग्रजी शब्द आहेत. जर्मन सिनेमे नीट लागावेत म्हणून त्यात 'डेर, डी, डास' घातलेत, तर रोमन लिपीत जर्मन 'डी' आणि इंग्रजी 'डाय' यांचं स्पेलिंग एकच असल्यामुळे 'डाय हार्ड' थेट 'एच'खाली जाऊन बसतो. रोमॅन्स भाषांसाठी 'ला' घाला, की 'ला ला लँड'चा पहिला 'ला' गायब. एकटं रोमन 'ए' हे अक्षर इंग्रजीत उपपद आहे, हंगेरियन आणि पोर्तुगीजमध्येही आहे, फ्रेंचमध्ये मात्र ते क्रियापदाचं रूप असतं. 'ए टू झेड'मध्ये तर ते नुसतं मुळाक्षर. ठिकाणांच्या आणि माणसांच्या नावांतलं परभाषी उपपदही काढत नाहीत: लॉस एंजेलिस, एल साल्वादोर, ल कॉर्ब्युझिए. 'द द' नावाचा ब्रिटिश बँड आहे. त्याचा पहिला 'द' काढला तरी तो 'टी'खालीच राहतो, पण उपपदं संपेपर्यंत काढत राहणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती कोरी जागा येते.

म्हणून यादी लहान ठेवावी आणि अपवाद हाताने भरावेत. प्लेक्स (हाही मीडिया सर्व्हर) आणि जेलिफिनमध्ये नोंद संपादित करताना 'सॉर्ट टायटल' हा फक्त क्रमासाठीच्या शीर्षकाचा रकाना मिळतो. प्लेक्समध्ये हाताने भरलेला रकाना कुलूपबंद होतो, त्यामुळे माहिती पुन्हा ओढली तरी तो पुसला जात नाही. कोडी या मीडिया प्लेअरमध्ये एनएफओ फाइलीतला (सिनेमाची माहिती ठेवणाऱ्या फाइलीतला) 'सॉर्टटायटल' टॅग वापरावा. गाण्यांसाठी आयडी३च्या (गाण्याच्या फाइलीतच माहिती नोंदवण्याच्या पद्धतीच्या) २.४ आवृत्तीत शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांच्या क्रमासाठी अनुक्रमे टीएसओटी, टीएसओपी, टीएसओए अशा वेगळ्या चौकटी आहेत. ई-पुस्तकं सांभाळणारं कॅलिबर यात सगळ्यांत शहाणं: त्यात भाषेनुसार उपपदांची यादी असते, फक्त प्रत्येक पुस्तकाची भाषा बरोबर नोंदवलेली हवी. यादी बदलल्यावर जुन्या पुस्तकांचा क्रम आपोआप बदलत नाही. सगळी निवडून एकगठ्ठा संपादनात 'अपडेट टायटल सॉर्ट'वर खूण करावी लागते.

देवनागरीत लिहिलेल्या 'द', 'दि'ला कुठलीही इंग्रजी यादी ओळखत नाही. कोडीच्या ॲडव्हान्स्ड-सेटिंग्जमध्ये 'सॉर्टटोकन्स'खाली ते घालता येतात, पण विभाजक (उपपद कुठे संपतं ते सांगणारं चिन्ह) म्हणून फक्त मोकळी जागा द्यावी. ठिपकाही विभाजक धरला गेला तर 'द. मा. मिरासदार' हे 'मा. मिरासदार' होऊन 'म'खाली सापडतील. 'ॲन'चं दुखणं आणखी निराळं. 'ॲ' हे युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) स्वतंत्र अक्षर आहे, आणि 'अ'वर चंद्र देऊनही तेच दिसतं. डोळ्याला फरक कळत नाही, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. यादीत दोन्ही रूपं घालावी लागतात. शिवाय स्वतंत्र 'ॲ'चा क्रमांक 'ह'च्याही पुढचा आहे. नुसत्या या क्रमांकांवर क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'ॲ'ची सगळी शीर्षकं यादीच्या तळाशी जातात. तशाच प्रोग्रॅममध्ये 'क्ष'ची शीर्षकं शब्दकोशाप्रमाणे शेवटी न येता 'क'च्या शेपटाला लागतात. दोन्हींवर उपाय क्रमाच्या रकान्यातच.

आता 'एक'. 'एक राजा होता' मधला 'एक' अर्थाने इंग्रजी अनिश्चित उपपदाच्या जवळ जातो हे खरं, त्यामुळे तो गाळावा असं सुचवणारे भेटतात. गाळू नये. मराठीत उपपद हा शब्दवर्गच नाही, आणि मराठी वाचक असं शीर्षक 'ए'खालीच शोधतो. कुठला 'एक' संख्या आणि कुठला नुसता आधाराला, हे दर शीर्षकाला ठरवत बसावं लागेल ते वेगळंच. 'तो', 'ती', 'ते' ही तर सर्वनामं. ती 'त'खालीच राहतील. मराठी भाषांतराला 'द'सकट इंग्रजी नाव तसंच ठेवलेलं असेल तर मात्र 'द' गाळावा, कारण ते शीर्षक देवनागरीत असलं तरी इंग्रजीच आहे.