जेल तर चमकलं, मग मिथाइल कुठाय?

प्रश्न: मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला जेल यूव्हीवर ठेवलं की डीएनएचे बँड मस्त नारिंगी दिसतात. पण काही सायटोसिनवर (डीएनएच्या चार बेसपैकी सी) मिथाइल गट वगैरे लागलेलं असतं ना, मग ते वेगळं का नाही दिसत? फ्लोरोसन्सने असे बेस ओळखतात म्हणे, ते कसं?

उत्तर: अहो, ते चमकतंय ते डीएनए नाहीच, जेलमध्ये घातलेला डाय, इथिडियम ब्रोमाइड आहे (ग्लोव्ह्ज घालता ना?). ते बेसच्या थरांमध्ये घुसून बसतं आणि तिथे त्याची चमक कैक पट वाढते, पण शेजारचा सी साधा आहे की मिथाइलवाला ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. खुद्द ए, टी, जी, सी यूव्ही भरपूर शोषतात पण ती एनर्जी पिकोसेकंदाच्या आसपासच उष्णता होऊन जाते, उजेड पडायला वेळच कुठाय! मिथाइल लागलं तरी चमक नावालाच.

म्हणून मग बदललेल्या बेसलाच दिवा बांधायचा. हायड्रॉक्सीमिथाइलसायटोसिन घ्या, म्हणजे मिथाइलवर एक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) लागलेला सी, 2009 मध्ये उंदराच्या मेंदूतल्या पर्किंजे पेशींत ते एकूण बेसच्या 0.6 टक्के सापडलं. आता टी4 नावाचा फाज (बॅक्टेरियाला लागण करणारा व्हायरस) स्वतःच्या डीएनएत नेमक्या ह्याच बेसवर ग्लुकोज चिकटवतो, बॅक्टेरियाची कात्री, म्हणजे डीएनए कापणारी एन्झाइम्स, चालू नये म्हणून. शिकागोच्या चुआन हे ह्यांच्या ग्रुपने 2011 मध्ये फाजचं हे ग्लुकोज चिकटवणारं एन्झाइमच उचललं, त्याला अझाइडचं (तीन नायट्रोजनच्या गटाचं) शेपूट असलेलं ग्लुकोज दिलं आणि त्या शेपटाला क्लिक केमिस्ट्रीने (दोन रेणू चटकन जोडणारी रिअ‍ॅक्शन) बायोटिन हा पकडायला सोपा रेणू अडकवला. बायोटिनच्या जागी फ्लोरोसंट डाय लावला की झालं, जितकी चमक तितके बेस. मला तर ही चोरी फार आवडते. साध्या मिथाइलला मात्र हे एन्झाइम हात लावत नाही, ग्लुकोज अडकवायला तिथे ओएचच नसतो, तिथे आधी टेट नावाच्या एन्झाइमने ऑक्सिडेशन करून ओएच आणावा लागतो.

दुसरा प्रकार पॅकबायो कंपनीच्या सिक्वेन्सिंगचा (डीएनएतला बेसचा क्रम वाचण्याचा). इवल्याशा भोकात एकच पॉलिमरेज (डीएनएची कॉपी करणारं एन्झाइम) बसवलेलं असतं, चार बेसना चार रंग, बेस जोडला की चमक. टेम्प्लेटमध्ये (ज्या धाग्याची कॉपी होतेय त्यात) मिथाइल लागलेला ए आला की पॉलिमरेज जरा अडखळतं, म्हणजे रंग नेहमीचाच पण आधीच्या चमकेनंतर तो उशिरा येतो आणि मशीन तो उशीर मोजतं.

आणि हो, कुठलीही पद्धत वापरा, आधी पीसीआर (डीएनएच्या भरपूर कॉपी काढणं) करू नका, पॉलिमरेज नवीन कॉपीत साधेच बेस घालतं, मग शोधणार काय?