लापा, लापशी आणि मांजरांना आमंत्रण

एका ताईंचा प्रश्न आहे. चीनमध्ये हिवाळ्यात ‘लाबा’ नावाच्या सणाला आठ धान्यांची खीर करतात. त्यात ‘ला’ म्हणजे खीर आणि ‘बा’ म्हणजे आठ, असं त्यांच्या वाचनात आलं. मग आपली ‘लापशी’ याच शब्दावरून आली का? आणि त्या पदार्थाला मराठीत खीर म्हणायचं की लापशी?

ताई, ‘ला’चा अर्थ खीर असा कुठेही नाही. पाककृतींच्या सदरांत ही व्युत्पत्ती दर हिवाळ्यात पुन्हा उगवते, आणि एकानंही चिनी शब्दकोश उघडून पाहिलेला नसतो, याचा मला मनापासून राग येतो.

लापशीचं आधी उरकतो. संस्कृतात ‘लप्सिका’ आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिची कृती दिली आहे: गव्हाचं पीठ तुपात भाजायचं आणि दूध-साखरेत शिजवायचं. तीच हिंदीत लपसी, गुजरातीत लापसी आणि आपल्याकडे लापशी झाली. तिला चीनला जाऊन यायची काही गरज पडलेली नाही.

घोटाळा कानामुळे झाला असणार, कारण मूळ उच्चार ‘लाबा’ असा नाहीच. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना जिथे ‘बी’ हे अक्षर घालतात तिथे आपला ‘प’ ऐकू येतो. ‘पी’ घालतात तिथे हकार मिसळलेला ‘प’. म्हणजे शब्द ‘लापा’ आहे आणि पदार्थाचं पूर्ण नाव ‘लापा-चोउ’. मराठीत छापताना रोमन अक्षरांवरून ‘लाबा’ करायचं काही कारण नाही. पुढे मी लापाच लिहिणार आहे.

‘चोउ’ म्हणजे पेज. ‘पा’ म्हणजे आठ हे खरं, पण ते आठ धान्यांचे नाहीत, तिथीचे आहेत: चिनी पंचांगातल्या बाराव्या महिन्याची अष्टमी, जी बहुधा जानेवारीत येते. आठ जिनसांची म्हणून डब्यात बारमाही विकली जाते ती ‘पापाओ-चोउ’, म्हणजे आठ रत्नांची पेज. ती वेगळी. उरला ‘ला’, आणि खरी मौज तिथेच आहे.

‘ला’ हा वर्षअखेरचा यज्ञ आहे. शेतीची कामं संपली की पितरांना आणि देवांना बळी अर्पण करायचा, त्याचं हे नाव. ‘त्सो-च्वान’ या इतिहासग्रंथात इ.स.पू. ६५५ची गोष्ट येते. यू नावाच्या छोट्या राज्याच्या राजाकडे बलाढ्य च्यिन राज्यानं सैन्य नेण्यासाठी वाट मागितली. मंत्र्यानं परोपरीनं सांगूनही राजानं ती दिली. तेव्हा मंत्री आपलं कुळ घेऊन राज्य सोडून गेला आणि जाताना म्हणाला, ‘यूला आता ‘ला’ दिसायचा नाही.’ त्याच हिवाळ्यात राज्य बुडालं. बुद्धाचा काळ आजच्या अभ्यासकांच्या कोणत्याही गणनेनं धरा, ही गोष्ट त्याच्या आधीची आहे.

यावर बाराव्या शतकातले थोर पंडित चू शी यांचा आक्षेप आहे. ‘शी-ची’ या इतिहासात छिन या (च्यिनहून वेगळ्या) राज्यातली ‘पहिली ला’ इ.स.पू. ३२६च्या सुमाराची नोंदली आहे. तेव्हा मंत्र्याच्या तोंडचं वाक्य छिन काळात रचलेलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला हा तर्क अगदीच तोकडा वाटतो. छिननं ती प्रथा पहिल्यांदा उचलली एवढंच त्या नोंदीतून निघतं. इतर राज्यांत ती आधीपासून नव्हती, हे कुठून काढलं? थांग काळातले टीकाकार चांग शौच्ये यांनी चू शींच्या कितीतरी आधी नेमका हाच खुलासा लिहून ठेवला होता: छिननं मध्यदेशाचं, म्हणजे चीनच्या मधल्या राज्यांचं, अनुकरण सुरू केलं, म्हणून ‘पहिली’. चू शींनी तो मनावर घेतला नाही आणि त्यांच्या नावाच्या वजनामुळे पुढच्या अनेकांनीही घेतला नाही.

मग ‘ला’ शब्द आला कुठून? दुसऱ्या शतकातल्या यिंग शाओनं दोन अर्थ दिले आहेत. एक, ‘ला’ म्हणजे ‘ल्ये’, शिकार; शिकार करून आणलेलं जनावर पितरांना द्यायचं. दुसरा, ‘ला’ म्हणजे सांधा. जुनं वर्ष नव्याला जोडणारा. ध्वनी जुळवून अर्थ सांगायची ही पद्धत यास्काच्या निरुक्ताच्या वाचकाला परकी वाटणार नाही. सांध्याचा अर्थ गोड आहे, म्हणून लोकांना तोच आवडतो. मी शिकारीच्या बाजूचा. ‘ला’ आणि ‘ल्ये’ या दोन्ही जुन्या चिन्हांचा उजवा भाग एकच आहे. डावीकडे एकाला मांसाची खूण, दुसऱ्याला कुत्र्याची.

जुनी चिन्हं म्हणालो ते मुद्दाम. १९५६च्या लिपीसुधारणेनंतर ‘ला’ यज्ञासाठी जे सोपं चिन्ह वापरात आलं ते आधीच दुसऱ्या शब्दाचं होतं, ‘शी’ म्हणजे वाळवलेलं मांस. मेणालाही चिनीत ‘ला’च म्हणतात, त्याला जे सोपं चिन्ह मिळालं तेही आधी दुसऱ्याच शब्दाचं, ‘चा’चं. आजचा शब्दकोश उघडून जो व्युत्पत्ती सांगायला बसतो त्याच्यापुढे चार शब्द आणि दोनच चिन्हं असतात. हाँगकाँगच्या खारवून वाळवलेल्या सॉसेजला इंग्रजीत मेणाचं मांस म्हणायची रूढी पडली तीही बहुधा या सारख्या उच्चाराच्या गोंधळातूनच. त्यात मेणाचा कणही नसतो. ‘ला’च्या महिन्यात वाळत घालायचं, म्हणून ते ‘ला’चं मांस.

आणि हा ‘चा’ म्हणजे माझ्या मते या सणाची खरी किल्ली. जीभ वर वळवून उच्चारायचा हा शब्द दुसऱ्या एका वर्षअखेरच्या यज्ञाचं नाव आहे. ‘ली-ची’ या आचारग्रंथात वाक्य आहे: सम्राटाचा महान ‘चा’ आठांचा असतो. आठ कोण? भाष्यकार यादी देतात. शेतीचा आद्य पुरुष आहे, धान्याचा अधिकारी आहे, शेतकरी आहे, शेताच्या हद्दीवरची झोपडी आहे, बांध आहे, पाण्याचा चर आहे, किडे आहेत. आणि मांजर व वाघ. ग्रंथ कारणही सांगतो: मांजरांना बोलवायचं कारण ती शेतातले उंदीर खातात, वाघांना बोलवायचं कारण ते शेतातली डुकरं खातात. ज्यांनी ज्यांनी पिकाला हात लावला त्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं! यज्ञातली प्रार्थना तर मला तोंडपाठ आहे: माती आपल्या जागी परत जावो, पाणी आपल्या घळीत जावो, किडे न उठोत, गवतझाडं आपल्या पाणथळीत जावोत.

माझं म्हणणं असं की लापामधल्या आठाला बळ मिळालं ते या आठांच्या यज्ञातून. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: बाराव्या महिन्याच्या अष्टमीला बुद्धाला बोधी झाली, म्हणून अष्टमी. पण भारतात बोधीची तिथी वैशाखातली आहे. खुद्द ह्युएनत्सांग सातव्या शतकात लिहितो की वैशाखाच्या उत्तर पक्षातली अष्टमी मानतात, स्थविर पंथाचे लोक पौर्णिमा मानतात. चिनी पंचांगात तो तिसरा महिना पडतो. मग बारावा महिना आला कुठून? भारतातून नक्कीच नाही. तो चीनच्या ‘ला’मधून आला, आणि बुद्धाची तिथी त्या सणाजवळ ओढून नेली गेली. इ.स. १००च्या सुमाराचा चिन्हकोश सांगतो की ‘ला’ हा दक्षिणायन संपल्यानंतरच्या तिसऱ्या ‘शू’ दिवशी (‘शू’ हा बारा दिवसांच्या आवर्तनातला एक), म्हणजे त्याची तारीख दरसाल हलायची. सहाव्या शतकात यांगत्सेच्या मध्य खोऱ्यातल्या चालीरीती लिहिणारा त्सुंग लिन मात्र ती अष्टमीला पक्की झालेली सांगतो. गावकरी बारीक कमरेचे ढोल बडवत, मुखवटे घालून, वज्रधारी मल्लांची सोंगं घेऊन रोगराई हाकलतात. सोंग बौद्ध आहे, पण हाकलणं त्या मातीतलं आहे.

लोककथाही याच कसोटीवर पाहाव्यात. एक कथा सांगते की सेनापती युए फेइच्या उपाशी सैन्याला लोकांनी ही पेज दिली. दुसरी सांगते की मिंग राजवटीचा संस्थापक चू युआनचांग लहानपणी गुरं राखताना उंदराचं बीळ उकरून त्यातले दाणे शिजवून जेवला. पण ११२७मध्ये पडलेल्या खायफंग राजधानीच्या आठवणी मंग युआनलाओनं ११४७मध्ये लिहून पुऱ्या केल्या, त्यात ही पेज नावासकट आहे: मठ ती भक्तांकडे पाठवायचे, घरोघरीही शिजायची. युए फेइची कीर्ती त्या राजधानीच्या पाडावानंतरची, आणि चू जन्मला १३२८मध्ये. मंग त्या पेजेला ‘सात रत्नांची, पाच चवींची’ म्हणतो, आठ जिनसांचं नावही काढत नाही.

तरी उंदराची कथा मी टाकून देणार नाही. इतिहास म्हणून ती टिकत नाही, पण हिवाळा, शेतातला उंदीर आणि त्यानं साठवलेलं धान्य हे तिघे तिथे एकत्र आहेत, आणि ‘चा’ यज्ञातलं मांजर याच उंदरासाठी बोलावलेलं आहे. लोकांच्या स्मरणात जुन्या यज्ञाचा तुकडा उरला, एवढं म्हणायला मला पुरावा पुरेसा वाटतो.

भिक्षूंची कथा सुजातेची: तिनं दिलेल्या दुधातल्या भातानं बुद्धाला बळ आलं, म्हणून पेज. त्याच स्मरणानं महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांत बुद्धपौर्णिमेला खीरदान होतं, तिथे मात्र ती खीरच. लापा-चोउला दूध लागत नाही. १९००च्या सुमारास पेइचिंगच्या सणांची वही लिहिणारा तुनछुंग जिनसा मोजून देतो: वरई-राळ्यासारखी बारीक धान्यं, दोन प्रकारचे तांदूळ, शिंगाडे, चेस्टनट, तांबडी चवळी, सोललेल्या चिनी बोरांचा गर, वरून बदामासारखा मेवा, बेदाणे आणि साखर. आदल्या रात्री फळं सोलून, भांडी घासून चुलीवर चढवायची. सकाळी पितरांना आणि बुद्धाला दाखवून दुपारच्या आत नातलगांत वाटून संपवायची. आणि कमळबी, वाल, लाँगान (लिचीसारखं फळ) बिलकूल घालायचं नाही, चव बिघडते, असं तो बजावतो. डब्यातल्या आठ रत्नांत आज कमळबी आणि लाँगान हमखास असतात.