वाचक विचारतात : मागे राहिलेला ससा

प्रश्न : शेजारचे भाडेकरू आखाजीच्या आधी घर रिकामं करून गेले आणि पांढरा ससा मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहिला. ते फोन उचलत नाहीत. आमच्याकडे कुत्रा आहे, त्यामुळे आम्हाला ससा ठेवता येणार नाही. त्याला चांगलं घर कसं शोधावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : घर नंतर शोधा, आधी त्याला आजच पत्र्याखालून काढा. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. हवा तिशीपलीकडे गेली की त्याला त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. धाब्याची (मातीच्या छताची) खोली असेल तर उत्तम, नाहीतर तळमजल्यावरची फरशीची खोली द्या. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा, तो आपणहून तिला टेकून बसतो. पिण्याचं पाणी मातीच्या जड भांड्यात ठेवा. कूलर चालेल, पण झोत थेट अंगावर नको. त्या खोलीत चाराही साठवू नका, दमट हवेत गवताला बुरशी धरते. तोंड उघडं टाकून धापा, कान लालभडक, हनुवटी ओली, असं दिसलं की ऊन लागलंय समजा. कानांना माठातलं पाणी लावा आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

उचलताना कान धरायचे नाहीत. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबकळले की ससा जोरात झटका देतो आणि त्यात त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

खायला मुख्यतः सुकं गवत, आणि ते दिवसभर समोर हवं. त्याच्या अंगाएवढा ढीग घाला. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावूनच. वाळवलेलं मारवेल चांगलं, कडब्याची कोरडी पानंही चालतात. हिरवी कोवळी ज्वारी मात्र नको, तिच्यातलं विष गुरालाही आडवं करतं. कपाशीच्या बांधावरचं गवत फवारणीचं असतं, ते आणू नका. केळी आपल्याकडे मुबलक म्हणून लोक अख्खं केळं घालतात. एक पातळ चकती, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरे. आधी पोळी-बिस्किटांवर ठेवला असेल (बहुतेक घरांत तेच चालतं) तर गवत लगेच समोर ठेवा, पण पोळी आठवडाभरात हळूहळू कमी करा. बारा तास तोंड लावलं नाही, किंवा लेंड्या बारीक होऊन थांबल्या, तर आतडं बंद पडतंय. सकाळपर्यंत थांबू नका.

पशुवैद्यकीय दवाखान्यात नर की मादी, दात आणि खरूज, एवढं तपासून घ्या. खरजेच्या पांढरट खपल्या नाकावर, कानांच्या कडांवर आणि पायाच्या बोटांवर दिसतात, आणि ती माणसालाही खाजवते. तुमच्या कुत्र्याचं फिप्रोनिलचं गोचिडांचं औषध सशाला लावू नका, जिवावर बेततं. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन तोंडावाटे देणंही तितकंच घातक. मादी निघाली तर महिनाभर वेगळी ठेवून मगच द्या. गाभण काळ ३१ दिवसांच्या आसपास असतो. छातीचे केस उपटून तोंडात गवत गोळा करू लागली, तर पिल्लं दारात आलीत असं धरून खोकं द्या.

मालकांना फोटोसह लेखी संदेश पाठवा आणि उत्तरासाठी मुदत द्या, म्हणजे पुढे कुणी ‘आमचा ससा’ म्हणत दारात येणार नाही. उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर टाकून जाणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यात लिहा.

आता जाहिरात. फोटो, नर की मादी, अंदाजे वय, झालेले उपचार एवढं द्या, पण ‘फुकट’ लिहू नका. फुकटाला मटणासाठी नेणारे आणि पिल्लं विकणारे सगळ्यात आधी धावतात. चारा-पिंजऱ्याच्या नावाने पाचशे रुपये सांगा. फोनवर विचारा : मे महिन्यात दुपारी दोनला ससा कुठे असेल? गवत कुठून आणणार? लग्नाला परगावी गेलात तर कोण बघणार? पहिल्या प्रश्नाला ‘गच्चीवर’ असं उत्तर आलं की तिथेच थांबा. ‘मुलं हट्ट करताहेत’ यावरही देऊ नका. ससा ८-१० वर्षं जगतो, आज तिसरीत असलेला मुलगा तोवर कॉलेजात गेलेला असतो.

घर पाहून या. पिंजरा निदान चार बाय दोन फुटांचा हवा, शिवाय रोज मोकळं फिरायला जागा हवी. जाळीच्या तळाने तळव्यांना जखमा होतात, वर गोणपाट अंथरायला सांगा. पिल्लं काढायची नाहीत, विकायचा नाही, जमलं नाही तर परत आणून द्यायचा, असं कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. पोहोचवायचा तो पहाटे, झाकणाच्या टोपलीत, जुन्या अंथरुणाचं मूठभर गवत सोबत देऊन. तिसऱ्या दिवशी फोन करून ‘कसा आहे?’ नव्हे, ‘लेंड्या किती आणि केवढ्या?’ असं विचारा.

प्रश्न : कुणी घेईना, तर सातपुड्यात सोडला तर चालेल ना? शेवटी जनावर रानातलंच.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. पाळीव ससा युरोपातल्या, बीळ करणाऱ्या जातीचा, त्याची पिल्लं बिनकेसांची आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या रानातला ससा वेगळा, त्याचं पिल्लू केसांसकट, डोळे उघडूनच येतं. पांढरा ससा उघड्यावर कुत्र्या-मुंगसांपुढे रात्रभरही टिकत नाही. उलट, शेतात सापडलेला तपकिरी ससा लांब पायांचा आणि मानेवर काळा पट्टा असलेला असेल, तर तो रानातला आहे. तो घरी ठेवू नका, वन विभागाला १९२६वर कळवा.

प्रश्न : आमच्याकडे एक नर आहे. त्याला जोडीदार म्हणून असा टाकून दिलेला ससा घेऊ का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : घ्या, पण पहिले १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. दोन नर एकत्र आले की एकमेकांना फाडतात, आणि मादी आणली तर महिन्यात पिल्लं. आधी तुमच्या नराचं खच्चीकरण करून घ्या, सशाची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठून. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवत नाहीत. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं सांगणारा डॉक्टर सशांना सरावलेला नसतो. शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे नरापासून मादी गाभण राहू शकते, तोवर मध्ये जाळी ठेवा.