पेठ घरी ठेवून माइकसमोर

पत्र : मी २४ वर्षांचा असून एका पतसंस्थेत लिपिक आहे. चार हंगाम फुटबॉल सामन्यांचे समालोचन करतो. गेल्या महिन्यात माझ्याच पेठेचा संघ हरत असताना मी माइकवरून पंचांवर ताशेरे ओढले आणि आयोजकांनी मला काढले. नोकरी सोडून समालोचनासाठी मुंबईला जाऊ का? वडिलांचा विरोध आहे.
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही विचारले आहे मुंबईबद्दल, पण मला आधी त्या सामन्याबद्दल बोलायचे आहे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांतल्या तालमींचे संघ भिडतात तेव्हा गॅलरीत निमित्ताचीच वाट पाहणारे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी पंचांविरुद्धचा शब्द ध्वनिक्षेपकावरून गेला, तर तो तुमचे वैयक्तिक मत राहत नाही. आयोजकांचे चुकले नाही. त्यांना समक्ष भेटून, कारणे न सांगता माफी मागा.

आता कामाविषयी. कुस्तीच्या खासबाग मैदानाची रचनाच अशी आहे की उतारावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते; तिथल्या निवेदकाने ‘दोघे भिडले’ एवढेच सांगितले, तर ते कोणाला हवे आहे? त्याने घिस्सा डाव कसा बसतो आहे, ढाक डाव का फसला, मल्ल कोणत्या वस्तादाच्या हाताखाली तयार झाला, हे सांगायचे असते. आकाशवाणीवर नेमके उलटे : श्रोत्याला काहीच दिसत नसल्याने चेंडू कोणत्या बगलेला, कोणाच्या पायात, वेळ किती उरली आणि गोलफलक काय, हे पुनःपुन्हा सांगावे लागते. समालोचक बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत घरोघरी पोहोचवले, ते श्रोत्याच्या डोळ्यांचे काम करूनच. तुमचा सराव आजवर फक्त पहिल्या प्रकारचा झाला आहे.

म्हणून नोकरी सोडू नका. या कामाचे मानधन सामन्यागणिक मिळते, आपल्याकडचा हंगाम पावसाआधी आटोपतो आणि मुंबईतले घरभाडे पावसासाठी थांबत नाही. आकाशवाणीच्या कोल्हापूर केंद्रात नैमित्तिक उद्घोषकांच्या आवाजचाचणीची चौकशी करा. कुस्तीच्या मैदानांतही जुन्या निवेदकांशेजारी बसून ऐका. (पानसुपारीचा खर्च तुमचा.)

वडिलांशी वाद घालू नका. दूरचित्रवाणीचा आवाज बंद करून एखाद्या सामन्याच्या दहा मिनिटांचे समालोचन ध्वनिमुद्रित करा, ते त्यांना डोळे मिटून ऐकायला लावा आणि मध्येच थांबवून विचारा की चेंडू आत्ता कुठे आहे. त्यांना सांगता आले नाही, तर ते ध्वनिमुद्रण पुसून पुन्हा करा.